निळे डाग आणि दूध-भाकरी

डॉक्टरीणबाईंनी आबांना बाहेर थांबायला सांगितलं, पडदा ओढून घेतला आणि माझ्या पोटरीवर हात ठेवून हळू आवाजात विचारलं, "बा, घरमां कोई मारे छे?"

मला गुजराती जेमतेम कळतं. तरी हा प्रश्न कळला. मी नुसती बघत राहिले. त्यांना वाटलं असावं की म्हातारीला समजलं नाही, म्हणून त्यांनी हिंदीत विचारलं, "डरो मत, बा. वो बाहर बैठे हैं, वो मारते हैं क्या?"

पडद्याखालच्या फटीतून मला आबांच्या चपला दिसत होत्या. माझे यजमान. घरात सगळे त्यांना आबाच म्हणतात, म्हणून मीही इथे तेच लिहिते. चाळीसहून जास्त वर्षांच्या संसारात या माणसानं मला कधी 'अगं ए' म्हणूनसुद्धा हाक मारलेली नाही.

मला ओरडून 'नाही' म्हणायचं होतं. पण हिरड्या इतक्या सुजल्या होत्या की तोंड उघडलं की रक्त यायचं, आणि त्यात हा धक्का. माझ्या डोळ्यांतून नुसतं पाणी वाहायला लागलं. मी मान हलवली, पण ती कुणीकडे हलवली कोण जाणे. डॉक्टरीणबाईंनी माझा खांदा थोपटला आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

सुरतेतल्या त्या मोठ्या सरकारी दवाखान्यातली माझी ही पहिली सकाळ.

*

आमचं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, तालुक्यापासून आडबाजूला. एसटी पूर्वी दोनदा यायची, आता येत नाही. बाजार भरतो तो नदीपलीकडच्या गावात, आठवड्यातून एकदा. आम्हाला थोडी शेती आहे, म्हैस आहे, कोठीत वर्षाची ज्वारी-तूर असते. मुलगा दीपक सुरतेला. पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये सुपरवायझर आहे आणि डिंडोलीत राहतो. सून ज्योती तिथेच जन्मलेली, पण मूळची आमच्याच खानदेशातली.

आणि मी विमल. मी गावच्या अंगणवाडीची सेविका होते. निवृत्त होईपर्यंत माझ्या हातात तराजू आणि भिंतीवर रंगीत तक्ते. गाजर, पपई, शेवग्याचा पाला, लिंबू. शेकडो लेकरांची वजनं केली. 'कुपोषण' हा शब्द मी जितक्या वेळा उच्चारला असेल तितक्या वेळा गावात कोणी उच्चारला नसेल. तो शब्द लहान लेकरांचा आहे, असंच मी धरून चालले होते.

मागच्या पावसाळ्यात माझे उरलेले दात काढले. तालुक्याला कवळी करून मिळाली. ती टोचायची, म्हणून मी डबीत घालून ठेवली. त्याच सुमारास गुडघे धरले. बाजारात जडीबुटी घेऊन बसणारा एक जण होता. त्यानं नाडी बघितली आणि सांगितलं, "वात आहे, ताई. आंबट बंद. पालेभाजी वातूळ, ती बंद. कच्चं काही खायचं नाही."

पथ्य पाळायला मला आवडतं. सेविकेचा स्वभाव, सांगितलं की करायचं. लिंबू गेलं, चिंच गेली, टोमॅटो गेला. पेरू-बोरं तशीही चावत नव्हती. बटाट्यानं पोट फुगायचं. दोघांसाठी भाजी आणायची तर बाजाराचा दिवस गाठायचा, टेम्पोत उभं राहायचं, गुडघे नको म्हणायचे. मग काय उरलं? सकाळी चहात बुडवून टोस्ट, दुपारी दूध-भाकरी कुस्करून, संध्याकाळी मऊ भात आणि घोटलेलं वरण. पोट भरायचं. आबा म्हणायचे, "जरा काही वेगळं खा." मी म्हणायचे, "म्हाताऱ्या माणसाला किती लागतं?"

दिवाळी गेली, संक्रांत गेली. रोज तेच. आता लिहिताना मला स्वतःवरच विश्वास बसत नाही.

*

आधी नुसता थकवा आला. चुलीजवळून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. मग पाय दुखायला लागले. हे गुडघ्याचं दुखणं नव्हतं, आतून, हाडातून दुखायचं. मी पथ्य आणखी कडक केलं. ताकसुद्धा सोडलं.

मग एके दिवशी अंघोळ करताना मांडीवर तळहाताएवढा निळा डाग दिसला. कुठे आपटल्याचं आठवेना. दुसरा गुडघ्यामागे, तिसरा दंडावर. पोटऱ्यांवर तर लाल बारीक ठिपके, कोणी पिंजर शिंपडावी तसे. चूळ भरली की पाणी गुलाबी व्हायचं.

आबांनी दीपकला फोन केला. तो म्हणाला, "आई, तालुक्याला नको, इकडेच या." शिमग्याच्या आधी आम्ही निघालो. टेम्पोनं फाट्यापर्यंत, मग नंदुरबार, मग रेल्वेनं सुरतेतलं उधना स्टेशन. टेम्पोत चढताना आबांनी माझा दंड धरून मला वर घेतलं. उतरेपर्यंत त्या दंडावर त्यांची चार बोटं निळी उमटली होती.

तीच बोटं डॉक्टरीणबाईंनी पाहिली.

*

त्यांचं नाव डॉक्टर हेतल. तिशीच्या आसपासची मुलगी. तिच्याबद्दल माझ्या मनात तेव्हाही राग नव्हता आणि आजही नाही. असे डाग पाहिल्यावर विचारणं हे तिचं कामच होतं. तिनं दीपकला बाजूला घेऊन सांगितलं की, घरात काही होत असेल तर आम्हाला कळलं पाहिजे.

दुपारी मी पलंगावर होते. सलाईन लावलेलं. आबा पायथ्याशी स्टुलावर बसून माझ्या तळव्यांना तेल लावत होते. दीपक आला तो उभाच राहिला. चेहरा पांढरा पडलेला.

"आबा, एक विचारू?"

"विचार की."

"तुम्ही आईवर हात उगारता का?"

वॉर्डात शेजारच्या पलंगांवर माणसं होती. त्यातली निम्मी आमच्याकडची, भाषा समजणारी. आबांनी तेलाची बाटली खाली ठेवली. झाकण लावलं. मग वर बघितलं. घरात बोलतो त्या अहिराणीत ते एवढंच म्हणाले, "भो, मी तुन्ही मायले कधी हात लाया नही."

मी सलाईनचा हात वर करून दीपकला म्हणाले, "अरे वेड्या, काय विचारतोस हे?" पण माझ्या ओठांवर रक्त आलं, ते पाहून तो रडायला लागला, आणि मी काय म्हणाले ते कोणी ऐकलंच नाही. आबा उठून बाहेर गेले.

त्या दिवसानंतर त्यांनी माझ्या अंगाला हात लावला नाही. मला न्हाणीघरात न्यायचं असलं तरी ते ज्योतीची वाट बघायचे. दवाखान्याच्या आवारात निंबाखाली बसून राहायचे. ज्योती डबा आणायची, तो तिथेच खायचे. मुलाच्या घरी जेवायला गेले नाहीत. आजार माझा होता, पण वाळत ते चालले होते.

*

मग दुसरी भीती सुरू झाली. रक्ताचे नमुने गेले. कोणी स्पष्ट बोलेना, पण माणसं हळू आवाजात बोलायला लागली की आपल्याला कळतं. ज्योती डब्यातलं वाढताना माझ्याकडे बघायची नाही. एकदा दीपक फोनवर कोणाला तरी सांगत होता, "ब्लड कॅन्सरची तपासणी करतायत." त्याला वाटलं मी झोपलेय.

मी झोपले नव्हते. मी छताच्या पंख्याकडे बघत विचार करत होते की घरातल्या उडदाच्या पापडांचा डबा कुठे ठेवलाय ते आबांना सांगायचं राहिलंय. मरणाची भीती मला अशी पापडाच्या डब्यातून आली. मोठे विचार काही आले नाहीत.

दवाखान्याचा दिवस मात्र शिस्तीचा. पहाटे नर्स थर्मामीटर घेऊन यायची, मग फरशी पुसणारी बाई, मग चहा, मग डॉक्टरांचा घोळका. शेजारच्या पलंगावर चलथाणकडची एक बाई होती, उसाच्या कामावर जाणारी. पोटाचं ऑपरेशन झालेली. तिला स्वतःला हसताना टाके दुखायचे, तरी ती मला हसवायला बघायची. रोज सकाळी माझी वेणी घालून द्यायची. माझे केस तुटून तिच्या हातात यायचे, ते ती मला न दाखवता मुठीत लपवायची. मला दिसायचं. मी काही म्हणायचे नाही.

*

ज्या दिवशी निदान झालं, त्या दिवशी डॉक्टर हेतल एकटीच आली. स्टूल ओढून बसली. ज्योती माझ्याजवळ होती, ती दुभाषी झाली.

"बा, रिपोर्टमध्ये कॅन्सरसारखं काही दिसत नाही. मला जरा सांगा, गावी सकाळी काय खाता?"

"चहा-टोस्ट."

"दुपारी?"

"दूध-भाकरी."

"रात्री?"

"मऊ भात, वरण."

"भाजी?"

"चावत नाही."

"फळ? टोमॅटो? लिंबू?"

"आंबट मला बंद आहे."

ती पुढे झुकली. "क्यारथी?" कधीपासून?

"पावसाळ्यापासून."

तिनं खिशातून बॅटरी काढली आणि माझा ओठ उचलून पाहिला. मग पोटरीवरचे बारीक केस भिंगातून बघत बसली. ते केस स्प्रिंगसारखे वळले होते म्हणे. मी इतके दिवस माझ्याच पायाकडे बघत होते, मला दिसलं नव्हतं. ती उठली तेव्हा तिचा चेहराच बदलला होता. ज्योतीला ती भराभर काहीतरी सांगायला लागली. त्यातला एक शब्द मी ओळखला.

स्कर्व्ही.

ज्योती म्हणाली, "आई, त्या म्हणतात हा खाण्याचा आजार आहे. तुमच्या पोटात क..."

"क जीवनसत्त्व," मी म्हणाले. "हिरड्यांतून रक्त येणे, त्वचेवर डाग पडणे, सांधे दुखणे."

मला तो तक्ता तोंडपाठ होता. प्रशिक्षणात शिकवला होता, नंतर मीच गावातल्या बायांना शिकवला. लेकराला लिंबू द्या, आवळा द्या, पेरू द्या. वर्षानुवर्षं मी ते बोलले, आणि हा आजार मी डोळ्यांनी कधी पाहिला नव्हता. पाहिला तो पहिल्यांदा माझ्याच तोंडात.

कॅन्सर नाही म्हटल्यावर हायसं वाटायला हवं होतं. ज्योती तर माझे हात धरून रडलीच. मी मात्र दगडासारखी बसले. कोठीत धान्य, गोठ्यात म्हैस, दारात लिंबाचं झाड, आणि मी कुपोषित! मी, विमलताई अंगणवाडीवाली! कोणाला सांगायचं हे?

"पण आबा तर तेच खातात," ज्योती म्हणाली. डॉक्टरांनी आबांना आत बोलावलं. ते दारातच उभे राहिले. विचारल्यावर म्हणाले, "मला तर जेवताना कच्चा कांदा आणि हिरवी मिरची लागतेच. शेतात गेलो की बोरं, पेरू, काय हाताला येईल ते."

डॉक्टर म्हणाली, "बस, तेवढ्यानंच वाचलात. हिच्यासारखं पथ्य पाळलं असतं तर दोघंही शेजारी शेजारी असता." मग ती त्यांना हिंदीत म्हणाली, "दादा, पहिल्या दिवशी मी जे विचारलं, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. हे डाग कोणी मारल्याचे नाहीत. रक्तवाहिन्या नाजूक झाल्या होत्या. कोणी हात धरला तरी उमटले असते."

आबांनी मान डोलावली आणि परत बाहेर गेले.

*

औषध म्हणजे नुसत्या गोळ्या. एवढ्या भीतीचं औषध ते एवढंसं, आंबटगोड. थोड्याच दिवसांत चुळीचं पाणी स्वच्छ येऊ लागलं. पायातली कळ अशी गेली की मला वाटलं कोणी काढूनच घेतली. आणि गंमत म्हणजे ज्या दुखण्यासाठी मी आंबट सोडलं, त्यातलं निम्मं दुखणं आंबट सोडल्यानंच वाढलेलं होतं. गुडघे अजून कुरकुरतात, पण चालता येतं.

बाकीचं काम ज्योतीनं केलं. ती घरी साड्यांना लेस लावायचं काम करते. त्या ढिगातून उठून ती माझ्यासाठी पिकलेला पेरू चाळणीवर घासून बियांविना गर काढायची. टोमॅटोचं सार. शेवग्याची पानं वरणातच शिजवून घोटलेली. कोथिंबीर आणि आवळ्याची पातळ चटणी. भात वाढला की वरून लिंबू, आणि ते शेवटी, गरम गरम उकळीत नाही. उकळलं की क जीवनसत्त्व जातं, असं डॉक्टरनं तिला बजावलं होतं. पहिला आंबट घोट घेतला तेव्हा माझ्या कानांमागे झिणझिण्या आल्या. जिभेला चव असते हे मी विसरले होते.

दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टरांनी माझी कवळी घासून बसवून दिली. इतकी साधी गोष्ट. ती डबीत पडून राहिली नसती तर कदाचित यातलं काहीच झालं नसतं.

*

आम्ही परत निघालो तेव्हा दीपक उधना स्टेशनवर सोडायला आला. तोवर बापलेकांत गरजेपुरतंच बोलणं होतं. गाडीला उशीर होता. बाकावर मी मध्ये, ते दोघं दोन बाजूंना. दीपक बराच वेळ हातातल्या पिशवीचे बंद पिळत राहिला. मग म्हणाला, "आबा, माझं चुकलं. मी तुम्हाला असं विचारायला नको होतं."

आबा रुळांकडे बघत होते. मला वाटलं ते 'बरं' म्हणतील आणि गप्प बसतील.

"नाही चुकलं," ते म्हणाले. "मला लागलं. खोटं कशाला बोलू? पण तू विचारलंस ते बरं केलंस."

मग आमच्यापैकी कोणाकडेही न बघता ते म्हणाले, "अंजनी राखीला आली होती तेव्हा तिच्या दंडावर असेच डाग होते. बोटांचे. माझ्या आईनं पाहिले, मी पाहिले. कोणी विचारलं नाही. मी तिला सासरी पोचवून आलो. पुढच्या राखीला ती नव्हती."

अंजनी ही त्यांची धाकटी बहीण. माझं लग्न व्हायच्या आधीच गेली. मला या घरात आल्यापासून एवढंच सांगण्यात आलं होतं की ती तापानं गेली. इतकी वर्षं मी या माणसाच्या ताटात वाढलं, याच्या पोराला मोठं केलं, आणि हे मला माहीत नव्हतं. माझ्या आजारात मला जे जे धक्के बसले त्यातला हा सगळ्यांत खोल.

दीपक उठून त्यांच्या बाजूला जाऊन बसला. गाडी आली तेव्हा आबांनी हात पुढे केला, मी तो धरला आणि डब्यात चढले.

*

हे मी माझ्यासारख्यांसाठी लिहिते आहे. खेड्यात राहणारी, पोरं शहरात गेलेली, दोघंच किंवा एकटीच असलेली माणसं. एकट्यासाठी काय चूल पेटवायची म्हणून आपण चहा-टोस्टवर दिवस काढतो आणि पोट भरलं की जेवण झालं म्हणतो. कोणी पथ्य सांगितलं तर ते किती दिवसांचं हे विचारा, आणि बंद केलेल्याच्या जागी काय खायचं तेही विचारा. दात नसतील तर घोटा, किसा, गाळा, पण हिरवं आणि आंबट ताटातून पूर्ण घालवू नका. आणि शहरातल्या पोरांनो, फोनवर 'जेवलीस का?' विचारू नका. त्याला सगळे 'हो' म्हणतात. काय जेवलीस ते विचारा.

गावी आल्यावर मी म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन बसायला लागले. मागच्या गल्लीत कौतिकबाई राहते. मुलगा सुरतेजवळ हजीऱ्याला कंपनीत, वर्षातून एकदा येतो. काही महिन्यांपासून ती ओट्यावर दिसत नव्हती. गुडघे गेले, वय झालं, असं सगळे म्हणायचे. आधी मीही म्हटलं असतं.

मी गेले तेव्हा ती खाटेवर होती. मला बघून तिनं पहिलं काय केलं तर लुगडं पोटऱ्यांवरून खाली ओढलं.

मी म्हणाले, "कौतिक, दाखव."

"काय दाखवू? पडनू व्हतू."

"दाखव."

बऱ्याच वेळानं तिनं लुगडं वर घेतलं. तो माझाच आजार होता की दुसरा, ते मी सांगू शकत नाही. ते डॉक्टर सांगतील. पण तो निळा रंग मी ओळखत होते. माझं मनगट धरून ती म्हणाली, "विमल, कोनले सांगू नको. मन्हा पोरले लोक नावं ठेवतीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी टेम्पोवाल्याला दारापर्यंत बोलावलं. त्यांनी आणि मी मिळून तिला मध्ये बसवलं, खाली गोधडी घातली. नदी ओलांडेपर्यंत ती मागे वळून गावाकडे बघत होती. मग एकदम माझ्याकडे वळली. डोळे भेदरलेले.

"घरमां कोठी भरेल शे, विमल. डॉक्टरले काय सांगू? मी उपाशी व्हतू असं सांगू?"

मी तिचा हात हातात घेतला. जपून, न दाबता.

"काल काय खाल्लंस तेवढंच सांग," मी म्हणाले. "बाकीचं मी सांगते."